गच्चीवरचे दगड

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता आणि दुसऱ्या मजल्यावरची माझी खाऱ्या पाण्यातल्या माशांची चार फुटी टाकी कोरड्या खोलीत, विजेवाचून उभी होती. पुराचा एक थेंबही तिला लागला नाही. तरी ती त्या पुरातच गेली. वीज गेल्याबरोबर पंप थांबले, पाणी फिरायचे थांबले, आणि बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप दीड दिवस चालून बंद पडला. तिसऱ्या दिवशी मेणबत्तीच्या उजेडात मी पाहिले, तेव्हा दोन्ही क्लाउनफिश तळाशी आडवे होते आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली होती. गल्लीगल्लीत लोक छपरांवर बसून मदतीची वाट पाहत होते. अशा वेळी मासे मेल्याचे दुःख मी कोणाला सांगितले नाही, आणि पुढेही कधी त्याविषयी बोलले नाही.

पाणी ओसरल्यावर टाकी रिकामी केली. वाळू टाकून दिली, काच पुसून ठेवली. आतले दगड मात्र टाकवले नाहीत. सुमारे तीस किलो दगड गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला रचून ठेवले. पुन्हा सुरुवात करावी असे मनात येईपर्यंत २०२१ च्या जुलैत पाणी परत गावात शिरले आणि तो विचार आणखी मागे पडला. असे करत सहा वर्षे ते दगड उन्हापावसात राहिले. गेल्या दिवाळीत गच्ची झाडताना त्यातला एक उचलला. हातात आला तो पांढुरका, हलका आणि छिद्राछिद्रांचा, एखाद्या जुन्या हाडासारखा. इतकी वर्षे ऊन खाल्लेला दगड आता पुरता स्वच्छ झाला असणार, ब्रशने घासून धुतला की टाकीत ठेवता येईल, अशी तेव्हा माझी प्रामाणिक समजूत होती.

ती समजूत एका बादलीने मोडली. दोन दगड मी आरओच्या पाण्यात बुडवून ठेवले. चौथ्या दिवशी झाकण काढले, तर गाळ उपसताना येतो तसा वास आला. पाण्यातले फॉस्फेट, म्हणजे शेवाळाला पोसणारे क्षार, तपासले, तर नळीतला निळा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही गडद होता. ज्या पाण्यात प्रवाळ ठेवायचे त्यात फॉस्फेट साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग, असावे, असा बहुतेक अनुभवी लोकांचा आग्रह असतो. तक्ता संपत होता तो ३ पीपीएमवर. दगड कोरडा झाला होता, पण रिकामा झाला नव्हता.

याचे कारण त्या दगडाच्या जातीतच आहे. आपल्या घाटांचा, वाड्यांच्या जोत्यांचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. तो घट्ट असतो आणि आंबट पदार्थाला दाद देत नाही. प्रवाळटाकीतला दगड म्हणजे मुळात चुना: प्रवाळांनी आणि शिंपल्यांनी समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम ओढून घेऊन बांधलेले कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फेस येतो. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवर न्हाणीघर साफ करायचे अ‍ॅसिड सांडले की ती फसफसते आणि कायमची खरखरीत होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा दगड वेगळा समजावून सांगावा लागत नाही, कारण शहाबादीही चुन्याचीच. या चुन्याच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटते, आणि दगड स्पंजासारखा सच्छिद्र असल्यामुळे तो पृष्ठभाग डोळ्यांना दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो. पाण्यात फॉस्फेट वाढले की दगड ते घेतो, पाण्यात कमी झाले की परत सोडतो. ऊन त्याला काही करू शकत नाही. पाणी उडून जाते, मांस वाळून जाते, फॉस्फेट जागच्या जागी राहते.

आणि ते आले होते माझ्याच हातातून. टाकी चालू होती त्या चार वर्षांत मी रोज सकाळ-संध्याकाळ गोठवलेली कोळंबी आणि दाणे घालत होते, आणि मासे वर येऊन माझ्या बोटांकडे पाहायचे म्हणून बहुतेक दिवशी दोन चिमटी जास्तच घालत होते. त्यातले न खाल्लेले आणि खाऊन टाकलेले असे सगळे दगडात मुरत गेले. शेवटच्या तीन दिवसांत टाकीतला प्रत्येक जीव कुजला, तोही त्यातच मुरला. वर सहा वर्षांची पारव्यांची विष्ठा होती, जी फॉस्फेटने समृद्ध असते. हे दगड तसेच टाकीत गेले असते, तर दोन महिन्यांत हिरव्या केसाळ शेवाळाने भरून गेले असते आणि मी दोष दिव्याला, पाण्याला किंवा मिठाला दिला असता.

म्हणून सगळे दगड खाली आणले आणि मागच्या अंगणात जुन्या चादरीवर मांडून एकेक तपासायला बसले. हे काम कंटाळवाणे असते असे म्हणतात. मला ते कधीच तसे वाटले नाही. प्रत्येक दगडावर त्या टाकीची वस्ती अजून होती. नळीकृमींच्या पांढऱ्या वळणदार नळ्या होत्या, एका खोबणीत खेकड्याने टाकलेली कात होती, गोगलगाईचे शंख अडकले होते, आणि गुलाबी चुनाशेवाळाचा थर उन्हाने उडून खडूसारखा झाला होता. एका सपाट दगडावर वाळलेल्या चामड्यासारखी करडी साल दिसली आणि मी हात मागे घेतला. ती पॅलिथोआ या प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जिवांची वसाहत होती. या जिवांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. १९७१ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी ते प्रथम वेगळे केले, आणि आजवर माहीत असलेल्या नैसर्गिक विषांत त्याची गणना अत्यंत जहाल विषांत होते. असा दगड उकळू नये, त्यावर कढत पाणी ओतू नये, तो कोरडा घासू नये; वाफेतून आणि धुळीतून ते श्वासात जाते, आणि दगड उकळल्यामुळे घरातली सगळी माणसे रुग्णालयात पोहोचल्याची उदाहरणे आहेत. उकळले की सगळे मरते आणि सगळे शुद्ध होते, हे आपल्या स्वयंपाकघराचे शहाणपण इथे प्राणावर बेतू शकते. मी रबरी हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क लावून ती साल ओली करूनच खरवडली आणि त्या दगडाची बादली वेगळी ठेवली. त्या दिवशी शेजारच्या काकूंचा नातू कुतूहलाने जवळ येऊन बसत होता, त्याला मी प्रथमच थोड्या कठोर शब्दांत दूर पाठवले.

दगडाची ओळख पटवण्यात आणखी एक भाग येतो, तो कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व प्रवाळखडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणे हाच गुन्हा आहे. माझे दगड जमिनीवरच्या प्राचीन प्रवाळथरातून खणून काढलेले, पावतीसह घेतलेले होते, आणि कठीण प्रवाळ मी तेव्हाही ठेवत नव्हते, आताही ठेवणार नाही. रत्नागिरीला किंवा मालवणला गेलेल्या कोणी हौसेने आणून दिलेला दगड मी घेत नाही. जुना दगड हाती आला की तो कुठून आला हे आधी विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तो घेऊ नये.

धुण्यासाठी जोराची धार हवी होती. तासगावचा माझा भाचा द्राक्षबाग करतो, तो म्हणाला, "मावशी, आमचा फवारणीचा एचटीपी पंप घेऊन येतो की, दहा मिनिटांत दगड चकाचक." त्याच्या मनात फक्त माझे श्रम वाचवायचे होते, म्हणून त्याला नाही म्हणताना मला वाईट वाटले. पण द्राक्षबागेतला पंप म्हणजे बोर्डो मिश्रणाचा पंप, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातले तांबे बुरशीला मारते तसेच कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांनाही मारते, आणि चुन्याच्या दगडाला ते चिकटले की कित्येक महिने थोडे थोडे सुटत राहते. पंपाच्या नळीत राहिलेला मोरचुदाचा अंश मला परवडणारा नव्हता. शेवटी गाडी धुण्याचा पंप भाड्याने आणला.

तांब्याचा विचार मनात आला आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. त्या चार वर्षांत एकदा माशांवर पांढरे ठिपके आले होते, तेव्हा मी त्यांना वेगळ्या टाकीत ठेवून तांब्याचे औषध दिले होते, आणि त्यांना लपायला जागा म्हणून मोठ्या टाकीतला एक दगड तिथे नेला होता. तो परत मोठ्या टाकीत गेला नव्हता, पण पूर ओसरल्यावर गच्चीत सगळे दगड एकत्र पडले. कोणता तो दगड, हे आता दिसण्यावरून सांगता येईना. तेव्हा आकाराने जुळणारे पाच दगड मी पाच बादल्यांत, थोड्या व्हिनेगरने आंबट केलेल्या आरओच्या पाण्यात आठवडाभर ठेवले, मग पाण्यात खाण्याचा सोडा घालून आंबटपणा घालवला आणि तांब्याची तपासणी केली. चार पाणी निर्दोष निघाले, पाचव्यात रंग आला. तो दगड नेमका सर्वांत देखणा, मधोमध नैसर्गिक कमान असलेला होता. मी रंग येतो की नाही हे तीनदा पाहिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही रंग आलाच, आणि तो दगड मी बाजूला काढला.

ब्लीचचे काम त्यामानाने लवकर होते. वास आणि रंग नसलेले साधे द्रव ब्लीच, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, मोठा निळा ड्रम, तळाशी जुना पंप, आणि ड्रम सावलीत, कारण उन्हात क्लोरीन लवकर उडून जातो. तीन दिवसांत पाणी चहासारखे तपकिरी झाले आणि भेगांमधले वाळलेले स्पंज, साली, जाळी सगळे विरघळून निघाले. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर मी जाणून वापरली नाही, कारण तिच्यातला न विरघळलेला चुना छिद्रांत बसतो. नंतर चार वेळा पाणी बदलले, आणि उरलेला क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट घातले. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या डार्करूममध्ये याच पांढऱ्या खड्यांना हायपो म्हणत, आणि फोटो हायपोतून काढून वाहत्या पाण्यात किती वेळ धुवायचा यावर ते कधी तडजोड करत नसत. घाईने धुतलेला फोटो वर्षभरात पिवळा पडतो, असे ते म्हणत. क्लोरीन संपला हे पाहायला ग्रामपंचायतीचे कर्मचारी नळाच्या पाण्याची करतात तीच ओटी टेस्ट केली: थेंब टाकल्यावर पिवळेपणाची छटाही दिसेना, तेव्हाच पुढे गेले.

ब्लीच सेंद्रिय मळ खाते, चुन्याला बांधलेले फॉस्फेट मात्र काढत नाही, आणि इथेच बहुतेकांचा उत्साह संपतो. ते काढायचा एक जलद मार्ग अ‍ॅसिडचा आहे. पातळ केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल दगडाचा वरचा थरच विरघळवते, म्हणजे त्या थराबरोबर फॉस्फेटही जाते. हिशेब सरळ आहे: ७३ ग्रॅम शुद्ध आम्ल १०० ग्रॅम चुना खाते आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, तोच तो फेस. पण आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. उघड्यावर काम करायचे. आणि ब्लीचचा अंश असलेल्या दगडाला आम्ल लावायचे नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मी जाड थर असलेल्या तीन दगडांपुरतेच ते वापरले. फेस उसळताना पाहून काहीतरी मोठे काम होत असल्यासारखे वाटते, परंतु ज्या नाजूक कंगोऱ्यांसाठी आणि बारीक छिद्रांसाठी हा दगड घ्यायचा, तेच आधी झिजतात. बाकीच्या दगडांसाठी मी दुसरा मार्ग धरला, तो वेळेचा.

जानेवारीपासून मेपर्यंत तो निळा ड्रम अंगणात होता. आरओचे पाणी, चोवीस तास फिरणारा पंप, वर जाड झाकण. दर रविवारी फॉस्फेट मोजायचे, वहीत लिहायचे, निम्मे पाणी बदलायचे. पहिल्या रविवारी १.८. पाणी बदलल्यावर ०.९. पुढच्या रविवारी पुन्हा १.४. पहिला महिनाभर पाणी बदलावे आणि आठवड्यात आकडा जवळजवळ होता तिथे यावा, असेच चालले. यात निराश होण्यासारखे काही नाही, हे वही मागे चाळल्यावरच कळते: पाण्यात आकडा परत चढतो म्हणजे दगडातून काहीतरी बाहेर आले, आणि जे बाहेर आले ते ओतून देता आले. दुसऱ्या महिन्यापासून लँथेनम क्लोराइडचे थेंब घातले. लँथेनम पाण्यातल्या फॉस्फेटला धरून पांढऱ्या गाळासारखे खाली बसते, पाणी फॉस्फेटला मोकळे होते, आणि दगड पुन्हा सोडू लागतो. ड्रम दुधाळ व्हायचा आणि गाळ जाड कापडातून गाळावा लागायचा. मासे असलेल्या टाकीत हा उद्योग करणाऱ्यांचे धाडस माझ्यात नाही. तो गाळ कल्ल्यांत बसतो. रिकाम्या ड्रममध्ये मात्र निर्धास्तपणे करता येतो, आणि दगड टाकीत जाण्याआधी हे सगळे करण्याचे महत्त्व तेच आहे. एप्रिलच्या शेवटी आठवड्याच्या विश्रांतीनंतरही आकडा ०.१ च्या आत राहिला. आणखी तीन रविवार तो तसाच राहू दिला.

दरम्यान दोन तुटलेले दगड पांढऱ्या सिमेंटने जोडले. ताजे सिमेंट पाण्याचा पीएच भलताच चढवते, म्हणून जोड पूर्ण वाळल्यावर ते वेगळ्या बादलीत भिजत ठेवले आणि पाणी बदलत राहिले. हे पाणी तपासायला मला मीटर लागला नाही. हळदीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाला हळद क्षाराने लाल होते हे सांगावे लागत नाही. कुंकू तसेच तर होते. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाची पट्टी पहिल्या आठवड्यात बादलीत घातल्याबरोबर विटकरी झाली, पाचव्या आठवड्यात पिवळीच राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ड्रममध्ये प्रथम मीठ गेले: समुद्री टाकीचे मीठ, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, घनता १.०२६. आता दगड स्वच्छ होता, पण निर्जीव होता, आणि प्रवाळटाकीत दगडाचे खरे काम जीवाणूंना घर देण्याचे आहे. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया एक प्रकारचे जीवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, दुसरे ते नायट्रेटमध्ये, आणि दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे तिसरे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. हे सारे ब्लीचने मारले होते, म्हणून नव्याने वसवायचे होते. त्यांना खायला अमोनिया द्यावा लागतो, आणि त्यासाठी मी नवसागर वापरला: पितळी भांड्यांना कल्हई करणारे तापलेल्या भांड्यावर टाकतात तो अमोनियम क्लोराइड. मात्र कल्हईचा नवसागर न घेता प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घेतला, कारण बाजारच्या खड्यात कोणता धातू मिसळलेला असेल याची खात्री नसते. १०० लिटर पाण्याला ०.६ ग्रॅम पुरतो. अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. मिरजेच्या एका परिचितांनी त्यांच्या दहा वर्षांच्या टाकीतला मुठीएवढा जिवंत दगड दिला. तो ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि ड्रमच्या मधोमध ठेवला.

झाकण घट्ट बंद ठेवले, कारण या टप्प्यावर उजेड मिळाला तर शेवाळच आधी घर करते. आठवडाभर काहीच हलले नाही. अकराव्या दिवशी नायट्राइट दिसू लागला, मग इतका वाढला की मी मोजणे दोन दिवस थांबवले. पस्तिसाव्या दिवशी सकाळी घातलेला नवसागर दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य होता, नायट्राइटही शून्य. तरी घाई न करता आणखी तीन वेळा घालून पाहिला.

त्या रात्री वीज गेली. जुलै होता, बाहेर पाऊस होता, आणि आयर्विन पुलाची पातळी २५ फुटांवर आहे असे भाच्याने फोनवर सांगितले. धोक्याची पातळी ४५ ची, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. तरीही मी छत्री घेऊन अंगणात गेले, नव्याने बसवलेल्या इन्व्हर्टरवर ड्रमचा पंप चालू आहे ना हे झाकणाला कान लावून ऐकले, आणि मग बॅटरीच्या प्रकाशात झाकण उचलले. मिरजेच्या दगडावरून उतरलेले, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान पांढरे जीव माझ्या जुन्या दगडांवर पळत होते. उजेड पडताच ते छिद्रांत शिरले. नळीकृमींच्या एका रिकाम्या नळीच्या तोंडाशी एक थांबला, आत गेला, आणि पुन्हा बाहेर आला नाही.

दगड टाकीत चढवले ते त्यानंतरच्या रविवारी. ओलेच, एकेक करून, आधी तळाचे सपाट आणि मग वरचे, पाठीमागच्या काचेपासून चार बोटे अंतर ठेवून, म्हणजे पाणी मागूनही फिरेल. कमानीच्या दगडाची जागा मी मोकळीच ठेवली आहे. तो आता तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभा आहे.